पेशंटबरोबर कोण आहे?

आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये हॉलंडची बाई भाड्याने राहायला आली, तेव्हा नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत बरेच दिवस नुसती तिच्या उंचीचीच चर्चा होती. तो ब्लॉक आमचाच. मुलासाठी घेतला होता, पण सूनबाईंना नातवाच्या शाळेमुळे कामोठं सोयीचं पडलं आणि दोघं तिकडे गेली. मग एजंटाने ही भाडेकरू आणली. पन्नाशी उलटलेली, एकटी, केस पांढरे आणि ते तसेच ठेवलेले. काम काय, तर पाण्याचं. विमानतळासाठी खाडीकाठी एवढा भराव घातला, आता पावसाचं पाणी जायचं कुठून आणि उपसायचं कसं, ते बघायला तिला आणलं होतं.

"त्यांचा निम्मा देश समुद्राच्या पातळीखाली आहे," आमचे हे कौतुकाने म्हणाले. "त्यांना पाण्यातलं कळतं."

"मग गाढी नदी दर पावसाळ्यात कुठपर्यंत येते तेही सांगा तिला," मी म्हटलं.

मी जन्मभर टेलिफोन खात्यात तक्रारी ऐकल्या. त्यामुळे माझं इंग्रजी कामापुरतं आणि तोंड कामापेक्षा जास्त, असं हे म्हणतात. म्हणू देत. ती आली त्या आठवड्यात मी शेजारधर्म म्हणून भरली वांगी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी डबा परत करताना ती दारात उभी राहून स्वच्छ म्हणाली, "तेल फार आहे." अशी चिडले मी! आपल्याकडे भाजी आवडली नाही तर माणूस 'छान झाली होती हो' म्हणतो आणि पुन्हा घेत नाही. हिने सरळ तोंडावर मारलं. मग मीही सांगितलं, "तुझी कॉफी मी काल प्यायले, ती निव्वळ जहर होती." तर ही हसली की हो! खळखळून हसली आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." तिथून आमचं जुळलं. सोसायटीतली पोरं मला काकू म्हणतात, तेच तिने उचललं. मी तिला अगंतुगं करायला लागले.

दर रविवारी आमच्या दुपारच्या चहाच्या वेळी ती आईला फोन लावायची, चेहरा दिसणारा. आई ऐंशीच्या पुढची, गावाकडे एकटी राहणारी, हृदय नाजूक. त्यांची भाषा घशातून येते, त्यामुळे मायलेकी कडाकडा भांडतायत असंच मला वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाली, "भांडतच होतो. ती जिन्यावर चटई घालते. पडेल एक दिवस." मला फोनसमोर बसवून ओळख करून द्यायची. म्हातारी हात हलवायची, मी नमस्कार करायचे. आमची भाषा एवढीच.

तर एका रविवारी फोन झाल्यावर ती उठली नाही. कप बाजूला ठेवला आणि पाऊस येईल म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "काकू, मला छातीत गाठ लागतेय. इथे कोणाकडे जातात?"

"आधी आमच्या डॉक्टरांकडे," मी म्हटलं. "रविवारीही संध्याकाळी उघडतात."

"अपॉइंटमेंट?"

"चप्पल घालायची आणि जायचं."

हे तिला पटेना. तिच्या देशात म्हणे डॉक्टरची वेळ घ्यायची, मग तो म्हणतो पॅरासिटामॉल घ्या आणि काही दिवसांनी कळवा. आमच्या डॉक्टरांकडे तिला तासाभरात आत घेतलं, पण आत म्हणजे काय! टेबलाशी एक पेशंट, स्टुलावर दुसरा, दाराशी तिसरा. हिचं बोलणं चालू असताना पळस्प्याकडची एक बाई स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. इंग्रजी तिला कळत नव्हतं, पण हात कुठे गेला ते दिसलं. ती पुढे वाकून म्हणाली, "काय नाय व्हनार, बाय. माज्या नणंदेला पन अशीच गाठ व्हती. काडली, आता बरी हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिने मात्र मला अर्थ विचारला, ऐकला, आणि त्या बाईला हात जोडून "थँक्यू" म्हणाली.

डॉक्टर मला म्हणाले, "काकू, यांना उद्याच्या उद्या सोनोग्राफी करायला सांगा."

"मी इथेच बसलेय," ती म्हणाली.

"हो हो," डॉक्टर म्हणाले आणि पुढचंही सगळं मलाच सांगितलं. इंग्रजी त्यांना फर्डं येतं, पण बोलायचं बरोबरच्या माणसाशी ही त्यांची सवय. नंतर हे जागोजागी झालं. सोनोग्राफीच्या खिडकीवर, एक्स-रेच्या दारात, सर्जनच्या दवाखान्यात, सगळीकडे पहिला प्रश्न तोच. पेशंटबरोबर कोण आहे? पहिल्यांदा तिने उत्तर दिलं, "माझ्याबरोबर मी आहे." खिडकीतल्या मुलीने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी आहे, मी आहे. लिही माझा नंबर."

सर्जनांनी सुईने गाठीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. घरी येताना रिक्षात तिने मला बजावलं. "काकू, ते माझ्याऐवजी तुझ्याशी बोलतात. मला चालेल. पण जे तुला सांगतील ते त्याच तासाला मला सांगायचं. काही गाळायचं नाही, गोड करायचं नाही. वचन दे."

मी वचन दिलं, पण मनातून तिचा रागच आला. एवढा कसला मेला हट्ट? आमच्याकडे माणूस आजारी पडला की कळण्याचा भार घरचे उचलतात. पेशंटने फक्त बरं व्हायचं. माझ्या आईला पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी थोरल्या भावाला बाहेर बोलावून सांगितलं. भावाने आम्हा भावंडांना सांगितलं, आणि ठरलं की आईला अल्सर आहे. मी धाकटी. आईपाशी राहायला मी गेले होते. शेवटपर्यंत तिच्या खाटेशेजारी खाली सतरंजी टाकून झोपले. आई उन्हाळ्यातल्या पापडांचं बोलायची, अल्सर बरा झाला की यंदा पोह्यांचे करू म्हणायची. आम्ही सगळे हो म्हणायचो. ती सुखात गेली असं आम्ही आजही एकमेकांना सांगतो.

रिपोर्टचा फोन माझ्या नंबरवर आला. मी कांदा परतत होते. सर्जन स्वतः बोलत होते. "काकू, रिपोर्ट आलाय. तुम्ही जरा येऊन जाल का? पेशंटला नका आणू."

झालं. पेशंटला नका आणू म्हणजे काय हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. वेगळा रिपोर्ट वाचायची गरजच राहत नाही. मी गॅस बंद केला. ह्यांनी पेपर खाली केला. मला खुर्चीवर बसावंसं वाटेना की उभं राहावंसं वाटेना.

"तू जाऊन ये," हे म्हणाले. "मग बघू, कसं सांगायचं ते."

मी चप्पल घातली, पर्स घेतली, लिफ्टपर्यंत गेले. मनात वाक्यंसुद्धा तयार होत होती. साधी गाठ आहे, काढून टाकू म्हणतात. किती सोपं होतं! एकदा वाक्य तोंडात बसलं की पुढचं सगळं त्याच्यामागून येतं, ते मी आईच्या वेळी बघितलं होतं. मग त्या उंच बाईचा चेहरा आठवला. दारात डबा घेऊन उभी, तेल फार आहे म्हणणारी. मागे फिरले आणि तिची बेल दाबली.

"चप्पल घाल. सर्जननी बोलावलंय."

"दोघींना?"

"मला एकटीला," मी म्हटलं. "म्हणून तू चल."

हुशार बाई. तिला तिथेच कळलं. आत जाऊन तिने केस विंचरले, पाण्याची बाटली भरून घेतली आणि कुलूप लावलं.

आम्हा दोघींना बघून सर्जनांचा चेहरा पडला. मराठीत मला म्हणाले, "काकू, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं, डॉक्टर. पण गाठ तिची आहे. मी आपली शेजारीण."

माणूस वाईट नव्हता हो. रोज नातेवाइकांना सांगायची सवय, पेशंटच्या डोळ्यांत बघून सांगायची नाही. मग त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि सांगितलं. कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय. गाठ आणि काखेतल्या ग्रंथी काढायच्या, नंतर खारघरला जाऊन किरणोपचार घ्यायचे. तिने प्रश्न विचारले, एकामागून एक, नाल्याचा उतार विचारावा तसे. सर्जनांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन होऊ शकेल म्हणाले. ती म्हणाली, "इतक्या लवकर?" आणि तिच्या आवाजात आनंद होता.

रिक्षात बसल्यावर मी रडायला लागले. मी, ती नाही! ती माझ्या पाठीवर हात फिरवतेय, मी पदर तोंडाला लावून हुंदके देतेय, आणि रिक्षावाला आरशातून बघतोय. पेशंट मीच असं त्याने धरलं असणार. उतरताना तो मला म्हणाला, "व्हाल बऱ्या, मावशी." तेव्हा मात्र दोघीही हसलो.

घरी आल्यावर मी विचारलं, "तू आता तुझ्या देशात जाशील ना? तिथे सगळं चांगलं असेल."

"चांगलं आहे. पण इथे शुक्रवारी होतंय. आणि तिथे गेले तर आईला कळेल."

"म्हणजे?"

"आईला सांगायचं नाही, काकू. तिचं हृदय नाजूक आहे. सगळं झालं की बघू."

मी कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभी राहिले. "अगं भवाने! मला वचनात बांधलंस, त्या बिचाऱ्या डॉक्टरला शरमेने लाल केलंस, आणि आता?"

"ते वेगळं," ती म्हणाली. "ती माझी आई आहे."

"आमच्याकडे सगळे हेच म्हणतात," मी म्हटलं. पण तिने बेत बदलला नाही.

ऑपरेशनच्या आधी ती खोली बघून आली. पलंग, कपाट, आणि भिंतीला लागून रेक्झिनचा एक अरुंद बाक. "हा कोणासाठी?" तिने सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाली, "नातेवाइकासाठी." तिला वाटलं भेटायला येणाऱ्यांना बसायला. मी उशी आणि चादर घेऊन आले, तेव्हा तिला उलगडा झाला. नको नको म्हणाली, मी मोठी बाई आहे, इथे नर्सेस आहेत. मी म्हटलं, "नर्स सुई देईल. तहान लागली तर पाणी कोण देईल? खालून औषधं कोण आणेल? तुझ्यासाठी नाही झोपत मी, इथली रीत आहे म्हणून झोपते. आता गप्प पड."

ऑपरेशन चालू असताना मी बाहेर आणि हे माझ्याशेजारी, हातात घरचा डबा. मध्येच दार उघडून मला हाक मारली. सर्जन हिरव्या कपड्यांत उभे, हातात स्टीलचं भांडं. "हे बघा काकू, पूर्ण निघालं." आपल्याकडे दाखवतात तसं. मी बघितलं. नीट बघितलं. नंतर शुद्धीवर आल्यावर तिला हे कळलं, तर भडकलीच. "तुला दाखवलं? माझं होतं ते! मला कोणी दाखवलं नाही!" मी म्हटलं, "तू झोपली होतीस, बये." तिने मला त्याचा आकार विचारला, रंग विचारला. मी सगळं सांगितलं, काही न गाळता.

आणि मग आला रविवार. आईला फोन करायचाच होता. नाही केला तर म्हातारी काळजी करेल, केला तर मागे हॉस्पिटलची भिंत दिसेल. तिने बेत सांगितला आणि मी, शहाणीसुरती बाई, त्यात सामील झाले. तिच्या हॉलमधला निळा पडदा मी पिशवीत घालून आणला. हे स्टुलावर चढले आणि सलाईनच्या स्टँडपासून कपाटाच्या दारापर्यंत तो बांधला. तिला मी लांब बाह्यांचा कुर्ता अर्धा चढवला, कारण एका बाजूचा हात उचलता येत नव्हता. जखमेतून निघालेली नळी आणि तिची पिशवी चादरीखाली. केस विंचरले, गालाला थोडी पावडर लावली. सिस्टरने मध्येच येऊन ताप बघू नये म्हणून ह्यांना दाराबाहेर पहाऱ्याला उभं केलं. साठी उलटलेली आम्ही दोन माणसं, कसलं नाटक करत होतो कोण जाणे.

फोन लागला. म्हातारी दिसली, चष्मा, हातात कप. लेक बोलायला लागली. मला शब्द कळत नव्हते, पण आवाज कळत होता. मऊ आवाज. हसून बोलत होती, मान हलवत होती. मी मनात म्हटलं, वा, जमलं की. म्हातारी ऐकत राहिली. मग तिने कप खाली ठेवला आणि एका दमात बरंच काही बोलली. रिपोर्टच्या दिवशी रडली नाही, ऑपरेशनला जाताना रडली नाही, ती बाई आता लहान पोरीसारखी रडायला लागली.

"काय म्हणाल्या?" मी घाबरून विचारलं. "अगं, काय म्हणाल्या त्या?"

"ती म्हणतेय..." तिने नाक पुसलं. "ती म्हणतेय, दोन रविवार तू माझ्याशी भांडली नाहीस. जिन्यावरच्या चटईबद्दल एक शब्द बोलली नाहीस. तुला काय झालंय ते आता सांग."

मी कपाळावर हात मारला. पडदा, पावडर, दारावर पहारा, सगळं केलं होतं. भांडण मात्र राहून गेलं होतं.

"पडदा काढ, काकू," ती म्हणाली.

मी गाठी सोडल्या. तिने चांगल्या हातात फोन धरून आईला सगळं दाखवलं. स्टँड, नळी, पट्टी. सांगितलं सगळं, मला कॅन्सर हा शब्द तेवढा कळला. मी म्हातारीकडे बघत होते, आता हिला काही होतंय की काय. काही झालं नाही. तिने चष्मा काढून पुसला, परत घातला, दोन-तीन प्रश्न विचारले, लेकीच्याच पद्धतीचे. मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिने मला काहीतरी विचारलं.

"विचारतेय, तू रात्री कुठे झोपतेस."

मी बाक दाखवला, वर घडी केलेली चादर आणि उशी. म्हातारी फोनजवळ सरकून नीट बघत राहिली. मग पुन्हा बोलली.

"म्हणतेय, एवढ्याशा बाकावर झोपून तुझी पाठ दुखत असेल."

मी तिथल्या तिथे खाली बसले. माझी आई रोज विचारायची हे. दिवे मालवायच्या आधी खाटेवरून हात खाली सोडायची, माझ्या डोक्यावर ठेवायची आणि विचारायची, खाली झोपून पाठ दुखत असेल ना गं तुझी? मी म्हणायचे, छे गं, मुळीच नाही. नवऱ्याला, लहान मुलाला सोडून लेक महिनोन्महिने अल्सरसाठी खाली झोपत नाही, हे त्या बाईला कळत नव्हतं? थोरला भाऊ आयुष्यात कधी तिच्याशी धड बोलला नाही. तो रोज संध्याकाळी येऊन तिचे पाय चेपायला लागला होता. घरात एकाचाही आवाज चढत नव्हता. तिला पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. कळलं, आणि ती आमच्यासाठी पापडांचं बोलत राहिली. मी मात्र इतकी वर्षं समजत होते की आम्ही तिला सांभाळलं.

"काकू? आई वाट बघतेय. काय सांगू तिला?"

फोनमध्ये म्हातारी माझ्याकडेच बघत होती. मी पदराने डोळे पुसले.

"दुखते म्हणून सांग," मी म्हटलं. "खूप दुखते म्हणावं."